पान एकेचाळीस

मासिक आलं तेव्हा आम्ही चौघे
भुसावळच्या तीन नंबर फलाटावर.
बुकस्टॉलच्या गठ्ठ्याची सुतळी
मेलरॉयने दाताने तोडली.
सहा प्रती. आम्ही पाच घेतल्या,
सहावी राहू दिली,
कोणीतरी अनोळखी माणसाने विकत घ्यावी म्हणून.
महिनाअखेरीला लीलाधरनेच घेतली ती, गुपचूप.

मुखपृष्ठावर लांब केसांचा परदेशी गायक.
आम्ही चाळीस-एकेचाळीसवर, तळाला,
वर अॅम्प्लिफायरची जाहिरात,
जो आमच्याकडे नव्हता.

लूपलाइन हे आमचं नाव.
मेल धडधडत निघून जावी म्हणून
एखादी पॅसेंजर बाजूला काढून ठेवतात ना, तासभर,
तो रूळ.
छापून आलं लूपलायन.
इंग्रजीत एक अक्षर गेलं, एक आलं.
दिवाळीपर्यंत शेडमधली पोरं
रमजान तडवी दिसला की डरकाळ्या फोडायची.
तोही फोडायचा.

कैझाद नावाच्या मुलाला पाठवलं होतं त्यांनी, मे महिन्यात.
त्याने लिहिलं: सत्तेचाळीस अंश. लिहिलं: केळी.
लिहिलं: नाशिकजवळचं एक झोपाळू गाव.
(नाशिक कुठे, आम्ही कुठे.
आणि झोप? शेडला तीन पाळ्या असतात, बाबा.)
भरिताबद्दल साडेतीन ओळी,
त्या मात्र सुंदर; ठेच्याने डोळ्यांत आलेलं पाणी
अगदी जसंच्या तसं.
गाण्यांबद्दल एक:
‘कच्ची, पण प्रामाणिक.’

प्रामाणिक हा शब्द आम्हाला माहीत होता,
तरी शब्दकोशात पाहिला.
आत आणखी काही निघतं का ते.

त्याने लिहिलं नाही ते असं की
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमागून
चौथ्या गाण्याच्या मध्यात मालगाडी निघाली.
आम्ही थांबलो. रमजान थांबला नाही.
त्याने हळूहळू ठेका सरकवला
चाकांच्या खटक्यावर नेऊन बसवला
आणि अठ्ठावन्न वाघिणी वाजवत राहिला,
मान खाली, घाम नाकावरून ड्रमवर.
गार्डाचा डबा गेला
आणि आम्ही तिघे एकदम आत शिरलो,
कोणी कोणाकडे पाहिलं नाही.
तसं पुन्हा कधी जमलं नाही आम्हाला.
कैझाद त्या वेळी बाहेर
माठातलं पाणी पीत होता.
त्याचा तरी काय दोष, सत्तेचाळीस अंश होते.

फोटो दोन्ही पानांवर पसरलेला.
बेसवाल्याने मधोमध उभं राहावं
हा मेलरॉयचा हट्ट.
मधोमध म्हणजे जिथे मासिक शिवतात.
वडलांनी चष्मा पुसला, पान उजेडात धरलं,
‘तू कुठी हे रे याच्यात?’
मी बोट ठेवलं.
पिन टोचली.

मेलरॉय पर्थला गेला, बहिणीकडे.
लीलाधर भारंबेचं रावेरला केळी पिकवायचं शीतगृह आहे,
फोन केला की मागे पंख्यांची घरघर येते
आणि तो म्हणतो, ऐक, ‘ई’ स्वर आहे.
रमजान शेडमधूनच निवृत्त झाला.
मासिक तर आमच्याही आधी बंद पडलं.

परवा रद्दी काढली.
काट्यावरून त्या पाच प्रती बाजूला सारत
रद्दीवाला म्हणाला, हे न्या परत.
चकचकीत कागदाला भाव नसतो,
त्याचा पुडाही धड होत नाही.

घरी मुलीने नखाने पिन उचकटली,
पानं सपाट केली.
कपाळावर एक भोक, हनुवटीवर एक,
मधे मिशा फुटू पाहणारा कोणीतरी.
‘पप्पा, यात तुमचा आवाज कोणता?’
मी सांगायला लागलो.
गिटारच्या खाली असतो तो, ड्रमच्या शेजारी,
कानाला नाही, इथे,
म्हणजे नसला की कळतं,
म्हणजे...

खंडव्याकडची मालगाडी आली.
टेबलावर पाण्याचा पेला
काठाकडे सरकू लागला
आणि तिने बोलता बोलता, न बघता
त्याच्यावर हात ठेवला.